नेट गेल्यावरची कामं

शेंद्र्याच्या एमआयडीसीत कुणी कुणाकडे वाटीभर साखर मागत नाही, सेन्सर मागतात. शेजारच्या कारखान्याचा मेंटेनन्सवाला हेल्मेट काखेत मारून आपल्या गेटवर येतो, वॉचमनशी दोन गोष्टी बोलतो आणि आत निरोप धाडतो की एक रिले द्या, आमचा आला की परत करतो. आपण देतो, कारण उद्या आपलंही अडणार असतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं हरी कोण आणि गाढव कोण, एवढंच पाळीपाळीनं बदलतं. या उसनवारीवर आमची अर्धी वसाहत चालते, आणि ही गोष्ट कुठल्याही साहेबाच्या प्रेझेंटेशनमध्ये येत नाही.

मी तिथल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. गाड्यांचे सुटे भाग धुऊन, वाळवून, तपासून पुढं पाठवणारी लांबच लांब लाइन आमच्याकडे आहे. माझा मोठा भाऊ याच लाइनवर ऑपरेटर होता. तो आधी लागला, त्याच्या शब्दावर मला मुलाखतीला बोलावलं, आणि डिप्लोमामुळे मी त्याच्यापेक्षा वरच्या जागी बसले. त्याचं त्यानं कधी वाईट वाटून घेतलं नाही. फक्त गेटच्या आत शिरलं की तो मला मॅडम म्हणायचा, तेही चारचौघांत, कमरेत वाकून. मी चिडायचे, आणि मी चिडावं म्हणूनच तो म्हणायचा.

आमचं घर करमाडला. आबांनी, म्हणजे वडलांनी, उभा जन्म पाचोडकडच्या माळांवर मेंढरं राखली. गुडघे गेल्यावर ते दारात दोन-चार शेळ्या बांधून बसले. दादा, वहिनी, त्यांची मुलगी, आबा आणि मी, असे सगळे एका छपराखाली. सकाळी दादाच्या मोटारसायकलवर मागे बसून मी कामाला जायचे. गेटपर्यंत बाई, गेटच्या आत मॅडम.

आता त्या केबलविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच लटकलेलं आहे. जुन्या काळी प्रत्येक सेन्सरची, प्रत्येक व्हॉल्व्हची वेगळी वायर पॅनेलपर्यंत आणत. पॅनेलचं दार उघडलं की आत शेवया वाळत घातल्यासारखं दिसायचं. मग लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाड करडी केबल आली. तिच्यातूनच वीज जाते आणि तिच्यातूनच बोलणं. सेन्सर, मोटारी, व्हॉल्व्ह सगळे जागोजाग त्याच केबलला जोडलेले. प्रत्येकाला एक नंबर. आणि पॅनेलमधला कंट्रोलर एकेकाला नंबरानं हाक मारून विचारतो, सांगतो. खास गोष्ट अशी की ही पद्धत कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही, सगळ्यांना खुली आहे. ती भाषा बोलणारं उपकरण कुणाचंही असो, त्याला नंबर द्या, केबलला जोडा, ते पंगतीत बसतं. शिकवायला आलेल्या माणसानं हे समजावून सांगितलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आमच्याकडं जातीपातीवरून पंगती उठलेल्या मी ऐकल्या आहेत, इथं केबल तरी कुणाला नाही म्हणत नाही, असं मनात आलं होतं. मी तेव्हा भाबडी होते म्हणा.

या केबलला लाइनवर सगळे 'नेट' म्हणतात. आणि नेट जातं. कुठं तेल झिरपतं, कुठं कनेक्टर ढिला होतो, कुठं केबल हलत्या भागाला घासून घासून सोलवटते, आणि सगळी लाइन एका दमात गप्प होते. वीज असते, बोलणं तुटतं. दिवे लाल. मग मी आणि माझ्यासारखे दोघं-तिघं लॅपटॉप काखोटीला मारून दुखणं शोधत पळत सुटतो.

आमच्या पळापळीची तिकडं ऑपरेटर लोक वाटच बघत असायचे. कारण असं, की ऑपरेटरनं स्वतः लाइन थांबवली तर थांबलेला वेळ त्याच्या नावावर बोर्डावर चढतो आणि सकाळच्या मीटिंगमध्ये त्याला सगळ्यांपुढं उभं करतात. नेट गेलं तर तो वेळ मेंटेनन्सच्या नावावर जातो. म्हणून अडकलेला ट्रे काढणं, साचलेला गाळ खरवडणं, सेन्सरची काच पुसणं, अशी जाळीच्या दारामागं शिरून करायची बारीकसारीक कामं ते साठवून ठेवत. त्यांना नावच पडलं होतं, नेट गेल्यावरची कामं. आम्ही घामाघूम, आणि ते दिवाळीची साफसफाई काढल्यासारखे उत्साहात. आमची फजिती ती यांची सोय, याचा मला मनस्वी राग यायचा. दादा या कामांत सगळ्यांत तरबेज होता.

नियम वेगळा होता, आणि तो भिंतीवर रंगवलेलाही होता. आत शिरायच्या आधी हवेचा कॉक, म्हणजे लाइनला दाबाची हवा देणारा नळ, बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, मग दार उघडायचं. पण कॉक बंद केला की पूर्ण लाइनमध्ये पुन्हा हवा भरेपर्यंत वेळ जातो, आणि तोवर नेट परत आलेलं असतं. म्हणजे तो वेळ पुन्हा ऑपरेटरच्या नावावर. म्हणून कॉकला कुणी हात लावत नव्हतं. नेट गेलं म्हणजे सगळंच मेलं, असा सगळ्यांचा हिशेब. आणि तो हिशेब वर्षानुवर्षं बरोबरही येत होता, हेच वाईट झालं. चुकीच्या गोष्टीचा इतका चांगला अनुभव माणसाला येऊ नये.

दादाच्या जागी एक लिफ्ट होती. लिफ्ट म्हणजे हवेच्या दाबावर वरखाली होणारी एक जाड लोखंडी फळी. वरच्या मजल्यावरून रिकामे ट्रे ती खाली आणायची. ट्रे तिरका झाला की फळी मध्येच अडकायची, आणि दादा तो नेट गेल्यावर आत वाकून काढायचा. फळीला वर जा, खाली ये असं सांगणारा व्हॉल्व्ह एका छोट्या डबीसारख्या मॉड्यूलला जोडलेला होता. नेट गेलं की ते मॉड्यूल व्हॉल्व्ह बंद करायचं आणि फळी असेल तिथं जखडून बसायची. दादाला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं ते हजारदा पाहिलं होतं.

ते मॉड्यूल जळालं त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी वहिनीबरोबर पाचोडच्या बाजाराला गेले होते. दुसऱ्या दिवशी कामावर येऊन पाहते तर लिफ्टपाशी पिवळ्या मॉड्यूलांच्या रांगेत एक राखाडी मॉड्यूल. आमच्या साहेबांनी शेजारच्या कारखान्यातून उसनं आणलं होतं. कंपनी दुसरी, भाषा तीच. नंबर आमच्या जुन्याचा दिला, केबलला जोडलं, लाइन सुरू. साहेब इतके खूश होते की मला बघून म्हणाले, बघा, तुमच्यावाचून काही अडलं नाही.

मी विचारलं की आतलं सेटिंग पाहिलं का. मॉड्यूलला नंबर असतो तसा स्वभावही असतो, आणि तो आत भरून ठेवलेला असतो. त्यातला एक मुद्दा म्हणजे नेट तुटलं तर काय करायचं. बंद व्हायचं, की शेवटचा जो हुकूम मिळाला तो धरून बसायचं. नंबर बदलला म्हणून हा स्वभाव बदलत नाही. साहेब म्हणाले, चालत्या गाडीला खीळ कशाला घालताय? सेटिंग बघायचं तर त्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागणार, लाइन थांबवावी लागणार, आणि माल तर त्या आठवड्यात रोज जायचा होता. येत्या सुट्टीच्या दिवशी बघू, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं.

माझ्या जिवाला चैन पडेना. दुपारी मी शेजारच्या मेंटेनन्सवाल्या भाईंना फोन लावला. शहागंजचे आहेत, भला माणूस, कधी कुणाला नाही म्हणत नाहीत. हे मॉड्यूल तुमच्याकडे कुठं बसवलं होतं, मी विचारलं. ते भट्टीच्या पंख्यावर होतं. भट्टी तापलेली असताना पंखा थांबला तर सगळं जळून राख होईल, म्हणून नेट गेलं तरी पंखा फिरत राहावा अशी त्यांची सोय केलेली. भाई अभिमानानं म्हणाले, "अपना माल है बहन, बेफिकीर रहो. नेट जाऊ दे, लाइन जाऊ दे, वो रुकताइच नहीं."

मी फोन ठेवला आणि तडक साहेबांच्या टेबलापाशी गेले.

साहेबांना सांगितलं. ते ऐकून थोडे गंभीर झाले, हे खोटं नाही सांगणार. पण त्यांच्या वरच्यांनी लाइन थांबवायला परवानगी दिली नाही आणि साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की नेट गेलं तरी आत जाऊ नये, लिफ्ट जिवंत आहे, आणि तो जाळीच्या दारावर बांधला. दुपारच्या सुट्टीनंतर त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, भुतापासून सावध. हसून हसून लोकांची पुरेवाट. दादाही हसला.

घरी मी त्याला धरलं. जेवायला बसला होता. मी सगळं समजावलं, पंखा, भट्टी, सगळं. त्यानं ऐकून घेतलं, भाकरी मोडली आणि म्हणाला, "बाई, मी त्या लिफ्टला तुझ्याआधीपासून ओळखतो. नेट गेलं की ती मुकी व्हती." मी म्हणाले, लिफ्ट तीच आहे, पण तिचा कान दुसऱ्याचा बसवलाय. वहिनी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. आबांनी बाजेवरून विचारलं की काय भानगड आहे. मी त्यांना समजेल असं सांगितलं, की दुसऱ्याच्या कळपातलं एक जनावर आपल्या कळपात आणलंय आणि ते जुन्या मालकाचीच सवय धरून आहे. आबा विचार करून म्हणाले, "दोन-चार दिस बावरल्यावाणी करतंय, मग मिसळतंय. नको जीव जाळू." सगळ्यांना बरं वाटलं. मलासुद्धा क्षणभर वाटलं. मेंढरांच्या बाबतीत आबा कधी चुकले नव्हते.

झोपायच्या आधी मी दादाला पुन्हा म्हणाले, कॉक बंद केल्याशिवाय आत जाणार नाही असं म्हण. त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. "बरं मॅडम." घरात तो मला मॅडम म्हणायचा नाही. त्यानं थट्टेवारी नेलं हे मला कळलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नेट जाऊ नये म्हणून मी केबलची सगळी लांबी रोज हातानं चाचपत फिरायचे, कनेक्टर एकेक आवळायचे. लोक म्हणत, बाई केबलला मालिश करतीय. राखाडी मॉड्यूलपाशी आले की थांबायचे. त्याचा हिरवा दिवा इतरांसारखाच शांत लुकलुकत असायचा. नंबरानं हाक मारली की ओ द्यायचं, खाली म्हटलं की खाली, वर म्हटलं की वर. त्याच्याइतकं आज्ञाधारक लाइनवर दुसरं काही नव्हतं. एकदा नेट क्षणभर गेलं आणि आलं. लिफ्ट तेव्हा तळाशी होती, म्हणून काहीच घडलं नाही. दादानं लांबून मला हात हलवून दाखवलं, की बघ, काय झालं? मला त्याचा इतका राग आला की त्या संध्याकाळी मी बसनं घरी आले.

सुट्टीच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, लाइन गप्प झाली.

मी दुसऱ्या टोकाच्या पॅनेलपाशी होते. लॅपटॉपवरचे नंबर एकामागून एक काळे पडले. मी दुखणं शोधायला थांबले नाही. लॅपटॉप तसाच उघडा टाकून लिफ्टकडं पळाले. लाइन बंद असली की त्या शेडमध्ये विचित्र शांतता असते, आपल्याच बुटांचा आवाज मोठा वाटतो. सगळीकडे लाल दिवे. आणि लांबूनच मला दिसलं की जाळीचं दार उघडं आहे, माझा पुठ्ठा दाराबरोबर आत वळलेला आहे, आणि त्या लाल रांगेत एकच हिरवा दिवा तेवतो आहे.

फळी अर्ध्यावर अडकलेली होती. तिच्याखाली ट्रे तिरका झाला होता. म्हणजे नेट जाण्याआधी तिला शेवटचा हुकूम मिळाला होता तो खाली ये असा, आणि ते मॉड्यूल तो हुकूम इमानानं धरून बसलं होतं. हवा फळीला खाली रेटत होती. हवेच्या रेट्याला आवाज नसतो. बघणाऱ्याला फळी मेलेली दिसते, आणि तिला थोपवून धरलेलं असतं ते फक्त त्या तिरक्या ट्रेनं. तोच ट्रे दादा काढत होता. खांद्यापर्यंत आत वाकून, डोकं फळीच्या खाली.

मी ओरडले. दादा एवढाच एक शब्द. माझी हाक त्या शांततेत फार मोठी वाजली असणार, कारण त्यानं चटकन डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर तेच हसू, मॅडम म्हणतानाचं. डावा हात आतच होता, ट्रेवर. वळताना त्याच्या हातानं ओढ दिली की ट्रे आपोआप सुटला, हे मला आजही ठाऊक नाही.

फळी खाली आली. तिचं काम होतं ते.

कॉक मी बंद केला. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं आणि ते मला सांगायचं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी कोपराच्या वरून हात काढला. सगळे म्हणाले, बहिणीच्या हाकेनं डोकं वाचलं. वहिनीनं माझे दोन्ही हात धरून तेच म्हटलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

शहागंजचे भाई संध्याकाळी आले. आत आलेच नाहीत, बाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसून राहिले. मी पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाले, मैं उस दिन ना बोल देता तो अच्छा था. त्यांचा काय दोष? मागितलेली वस्तू दिली, चांगली दिली, चालू दिली. पुढं चौकशी झाली तेव्हा तर सगळंच बरोबर निघालं. केबल बरोबर, मॉड्यूल बरोबर, कंट्रोलरचा प्रोग्रॅम बरोबर. एकच माणूस नियम मोडून आत शिरला होता. मला त्या दिवशी कुणाचा तरी गळा धरायचा होता, आणि धरायला गळाच सापडत नव्हता. हा राग अजून माझ्या पोटात आहे. तो जाणार नाही आणि जावा असंही वाटत नाही.

दादानं शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा मला विचारलं ते हेच. "बाई, सगळं बंद व्हतं ना गं?"

मी सांगितलं. तेच सगळं, जे मी जेवताना सांगितलं होतं. भट्टी, पंखा, थांबायचं नाही हा हुकूम. या वेळी त्यानं नीट ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे त्यानं त्याचं काम केलं." थोड्या वेळानं म्हणाला, "मी बी माझंच करत व्हतो."

तो आता स्टोअरला बसतो. कारखान्यानं जागा दिली, सगळे नीट वागतात. लाइनवर नेट अजून जातं. हवेच्या कॉकला आता कुलूप घालतात. काही दिवस तर सगळेच घालत होते. परवा मी पॅनेलकडं पळताना एका नव्या ऑपरेटरला कुलूप न घालताच दारातून आत सरकताना पाहिलं. मी त्याची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं. तो माझ्याकडं वेडी बाई बघावी तसं बघत होता.

करमाडला संध्याकाळी लाईट जाते. लाईट गेली की दादाचा उत्साह पूर्वी बघण्यासारखा असायचा. पंख्याची पाती पुसणं, मिक्सर उघडून झाडणं, होल्डर आवळणं, सगळं तेव्हाच. चालू असताना कोण खोटी करणार, असं त्याचं म्हणणं. वहिनीलाही तीच सवय लागलेली. गेल्या आठवड्यात लाईट गेली तशी ती ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढली. अजून पंखा पुरता थांबलाही नव्हता. दादा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं आवाज चढवला नाही, पण मी त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"खाली उतर."

"अहो, लाईट नाय की," वहिनी म्हणाली. "बंद हाय सगळं."

"म्हणूनच म्हणतो, उतर."

ती उतरली. फडकं हातात घेऊन तशीच स्टुलाशेजारी उभी राहिली. पाती हळूहळू थांबली, तरी दादाची नजर त्यांच्यावरून हलेना. लाईट येईपर्यंत आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही.